जुन्या मियाटात १.६ च्या जागी १.८ इंजिन

१९९० ते ९३ च्या माझदा मियाटात (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार) १.६ लिटरचं बी६ इंजिन येतं. त्याऐवजी १९९४ पासूनच्या मियाटातलं १.८ लिटरचं बीपी इंजिन बसवणं हाच मला सगळ्यात शहाणपणाचा बदल वाटतो. गिअरबॉक्स तोच जुळतो, वेल्डिंग लागत नाही.

इंजिन गिअरबॉक्ससकट वर काढा. बाहेर आहे तोवर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग नवीन टाकाच. क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही १.८ चेच हवेत; १.८ चा क्लच २१५ मिमी, १.६ चा २००. वापरलेलं फ्लायव्हील नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत फेस करून (पृष्ठभाग मशीनवर सपाट करून) घ्या. फ्लायव्हीलच्या बोल्टची क्रँकमधली भोकं थेट तेल असलेल्या क्रँककेसमध्ये उघडतात. आट्यांना सीलंट नसेल तर तेल झिरपून क्लच घसरतो, आणि लोक उगाच नव्या सीलला दोष देतात.

खरा वेळ खातं ते वायरिंग. १.६ चा हवा मोजणारा मीटर फ्लॅपचा, १.८ चा हॉट-वायरचा. जुनाच ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि मीटर ठेवला तरी गाडी चालते, पण वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होण्याचा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडण्याचा धोका असतो. हे मिश्रण मोजणाऱ्या, एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवर आकडे बघितल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

१.६ चा ६ इंची डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) नाजूक आहे. १.८ चा ७ इंची घेतलात तर प्रोपेलर शाफ्ट आणि हाफशाफ्टही त्याचेच घ्या.

गाडी एमएच-१५ (नाशिक) पासिंगची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी, इंजिन नंतर.