संध्याकाळी घराला कुलूप लागणार होते

आमच्या कामात 'आजच्या आज' हे शब्द दिवसातून अनेकदा कानावर पडतात. बहुतेक वेळा त्यामागे ग्राहकाची हौस किंवा विसरलेला वाढदिवस असतो आणि फुले दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचली, तरी फारसे बिघडत नाही. त्या दिवशी मात्र दूरच्या शहरातून एका महिलेचा फोन आला. त्या म्हणाल्या, "आज संध्याकाळी पाचला आमच्या बाई घर सोडून कायमच्या मुलाकडे निघाल्या आहेत. उद्या त्या घराला कुलूप असेल." फोन करणारी ही त्या बाईंची जुनी विद्यार्थिनी होती; शाळेत शिकवणाऱ्या आपल्या बाईंना ती फुले पाठवत होती आणि बाईंचे घर नदीच्या पलीकडे होते.

एरवी पलीकडे जायला दहा मिनिटे पुरतात. पण वरच्या धरणातून पाणी सोडल्यामुळे आमचा सखल पूल सकाळीच वाहतुकीला बंद झाला होता. दुसरा पूल बराच वर असल्याने वळसा घालून जायला दोन तास तरी लागणार होते. पाऊस थांबून ऊन पडले होते आणि हवेत कमालीचा उकाडा होता.

विद्यार्थिनीने छायाचित्र पाहून लिली आणि गुलाबांचा गुच्छ निवडला होता. मी तिला पुन्हा फोन करून सांगितले, की ही फुले घरात फुलदाणीत राहणार नाहीत, रात्रभर प्रवासात मांडीवर राहतील; गाडीच्या बंद डब्यात लिलीचा वास असह्य होतो आणि तिच्या परागांचे केशरी डाग कपड्यांवरून सहजी निघत नाहीत. अशा वेळी न विचारता फुले बदलणे मला कधीच पटलेले नाही. लिलीऐवजी शेवंती आणि कार्नेशन घ्यायला ती लगेच तयार झाली, गुलाब मात्र तिला हवेच होते. "बाईंच्या अंगणात गुलाब होते," एवढेच ती म्हणाली.

अडचण नेमकी गुलाबांचीच होती. त्या दिवशीचा माल उशिरा आला होता. आलेल्या गुलाबांचे देठ तिरपे कापून, खालची पाने काढून ते निदान तीन-चार तास बादलीत ठेवायचे, पोटभर पाणी प्यायले की मग शीतकपाटात २ ते ४ अंश तापमानाला हलवायचे, हा माझा नेहमीचा क्रम. या गुलाबांना जेमतेम दीड तास मिळाला होता. ते मला माहीत होते, तरी मी दहा गुलाब उचलले. कापलेल्या टोकांना ओला कापूस गुंडाळला, त्यावर पिशवी चढवून रबर लावले, गुच्छ खोक्यात उभा अडकवला आणि पावणेएकला निघाले.

अर्ध्या वाटेवर खोके उघडून पाहिले, तर तीन गुलाबांनी मान टाकली होती. पाकळ्या ताज्या होत्या, रंग तसाच होता, फक्त कळीच्या खालचा देठ वाकला होता. हे फूल म्हातारे झाल्याचे लक्षण नव्हे. देठातल्या बारीक नळ्यांमध्ये हवेचा बुडबुडा अडकला, की खालचे पाणी फुलापर्यंत चढत नाही आणि मानेचा कोवळा भाग आधी कोलमडतो. वेळेत हाती लागले, तर असे फूल परत उभे करता येते. त्यासाठी पाणी आणि उंच भांडे हवे होते, म्हणून वाटेत वेळ न घालवता मी पुढे गेले.

तीनच्या सुमारास दार उघडले तेव्हा घरात फक्त बांधलेली खोकी होती. मी बाईंना गुच्छ दिला, चिठ्ठी दिली आणि आत तीन फुले मलूल झाली आहेत, तासभर मिळाला तर ती सावरायचा प्रयत्न करते, असे सरळ सांगितले. त्यांनी काही न बोलता एका खोक्याची दोरी सोडली आणि कपड्यांत गुंडाळलेले उंच भांडे बाहेर काढले.

देठ पाण्याखाली धरून टोकाकडून दोन बोटांएवढे छाटले, म्हणजे नव्या छेदातून पुन्हा हवा शिरत नाही. कोमट पाणी अशा वेळी देठात अधिक सहज चढते. तिन्ही गुलाबांना वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी केली, कारण माना सरळ धरलेल्या असतानाच पाणी वर गेले, तरच त्या सरळ राहतात. बाईंनी ती गुंडाळी दोन्ही हातांनी धरली आणि मी दोरा बांधला. मग आम्ही दोघी खोक्यांवर बसून राहिलो. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. ती विद्यार्थिनी पहिल्या बाकावर बसायची की मागच्या, हे त्यांना नीट आठवेना, अक्षर मात्र त्यांनी ओळखले होते.

चारच्या पुढे कागद सोडला. दोन गुलाब ताठ झाले होते. तिसरा तसाच होता. त्याचा देठ चार बोटांवर छाटला, म्हणजे पाण्याला चढायचे अंतर कमी होते, आणि तो एका लहान बाटलीत ठेवला. उरलेल्या नऊ गुलाबांचा गुच्छ मी नव्याने बांधला, कापूस पुन्हा भिजवला आणि सकाळी उतरल्यावर काय करायचे ते त्यांना समजावले.

परतीच्या वाटेवर विद्यार्थिनीला फोन करून घडलेले सगळे सांगितले, कमी वेळ पाण्यात ठेवलेल्या फुलांची माझी चूकही. तिने रागावून काही म्हटले नाही. तिसऱ्या गुलाबाचे काय झाले, एवढेच विचारले. बाईंना घराची किल्ली शेजारी ठेवायला द्यायची होती. किल्लीबरोबर त्यांनी ती बाटलीही दिली होती.