चेटकिणींच्या सिनेमातले बोके

मुलांचे जादूचे, चेटकिणींचे पिक्चर लागले की माझं लक्ष आधी मांजराकडे जातं, चेटकीण काय नंतरही बघता येते. आणि इतके पिक्चर बघून माझं ठाम मत झालंय की ज्यांनी मांजर नुसतं शोभेला खिडकीत बसवलंय ते पिक्चर दोन दिवसात विसरायला होतात, पण ज्यांनी त्या मांजराला स्वतःची भीती, स्वतःचं माणूस, स्वतःचा संसार दिलाय ते मनातून जातच नाहीत.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे जीजी. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा ॲनिमेशनपट 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', 1989 चा. किकी तेरा वर्षांची, चेटकिणींच्या रिवाजाप्रमाणे घर सोडून परक्या गावात आलेली, झाडूवर बसून पार्सलं पोचवते, आणि सोबत हा काळा बोका. पहिल्याच डिलिव्हरीत पिंजऱ्यातलं खेळण्यातलं काळं मांजर वाटेत जंगलात पडतं, ते सापडेपर्यंत वेळ मारून न्यायची म्हणून त्याच्या जागी जीजीलाच ठेवतात. अगदी गप्प, पापणीसुद्धा हलवायची नाही. त्यात घरातला अवाढव्य म्हातारा कुत्रा उठून हळूहळू त्याच्याकडे यायला लागतो, जीजीला घाम फुटतो, आपल्यालाही फुटतो, आणि तो कुत्रा काही न करता त्याला जवळ घेऊन शांत पडून राहतो. नंतर तोच त्याला तोंडात धरून अलगद बाहेर आणून सोडतो. माझी भाची हा सीन लागला की श्वास धरून बसते, दर वेळी.

पुढे किकीची जादू आटायला लागते आणि पहिलं काय जातं तर जीजीचं बोलणं. तो नुसता म्याव करतो, तिला कळत नाही. तोवर त्याला शेजारची पांढरी लिली भेटलेली असते, शेवटी पिल्लंही होतात. किकीला उडता यायला लागतं, जीजी उडी मारून तिच्या खांद्यावर येतो, पण मूळ जपानी पिक्चरमध्ये तो शेवटपर्यंत परत बोलत नाही. मला हे फार खरं वाटतं, मोठं होताना काही गोष्टी जातात त्या जातातच, पण बोका आहे ना जवळ. 1998 च्या इंग्रजी डबिंगमध्ये त्याला शेवटी परत बोलायला लावलं, आणि मधेमधे भरपूर बडबडही दिली. त्याला आवाज देणाऱ्या फिल हार्टमनचं काम चांगलंच आहे, वाद नाही, पण शेवटचं ते वाक्य घालायला नको होतं. 2010 च्या आवृत्तीत ते काढलं, बरं झालं.

दुसरा बिंक्स, 'होकस पोकस' 1993 चा. बहिणीला वाचवायला गेलेला मुलगा, अमेरिकेतल्या सेलम गावच्या चेटकिणी त्याला काळं मांजर करतात आणि वर मरणही येणार नाही असा शाप, मग तीनशे वर्षं तो त्या घरावर पहारा देत बसतो. बसखाली येतो, चपटा होतो आणि परत फुगून उठतो, पोरं खिदळतात, मला मात्र तिथे पोटात तुटतं, कारण हे त्याच्या बाबतीत आधी किती वेळा झालं असेल. त्याचं बोलणारं तोंड कॉम्प्युटरवर केलं ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने, ज्यांना पुढे 'बेब' या बोलणाऱ्या डुकराच्या पिक्चरसाठी ऑस्कर मिळालं आणि ज्यांचा मुंबईतही स्टुडिओ होता.

चेटकिणीशेजारी मांजर आलं कुठून हे वाचलं की मात्र अंगावर काटा येतो. इंग्लंडात मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या माणसाने चेटकिणी शोधायचा धंदाच मांडला होता, 1645 मध्ये एलिझाबेथ क्लार्क नावाच्या एका पायाने अधू म्हातारीला फासावर दिलं, तिच्याकडे सैतानाने पाठवलेलं मांजराचं पांढरं पिल्लू येतं वगैरे आरोप. त्याच हॉपकिन्सच्या पुस्तिकेतलं पायवॅकेट हे चेटकिणीच्या सैतानी साथीदाराचं नाव 1958 च्या 'बेल, बुक अँड कँडल'मधल्या सयामी मांजराला दिलंय. म्हणून मला वाटतं जीजी-बिंक्ससारखे राखण करणारे, जीव लावणारे बोके पडद्यावर आले हे फार चांगलं झालं. आपल्याकडेही मांजर आडवं गेलं की थांबणारी माणसं आहेतच की, त्यांच्या पोरांनी तरी हे पिक्चर बघावेत.

हॅरी पॉटरवर मात्र माझा राग आहे. पहिल्या पिक्चरमध्ये टेबलावरचं मांजर उडी मारता मारता मॅकगोनागल बाई होतात तो शॉट मस्तच, पण हर्मायनीच्या क्रूकशँक्सचं काय केलं? पुस्तकात तो केशरी बोका सगळ्यांच्या आधी ओळखतो की रॉनचा उंदीर हा उंदीर नाहीच, तुरुंगातून पळालेल्या सिरियसशी दोस्ती करतो, त्याला मदत करतो, आणि 2004 च्या पिक्चरमध्ये जवळजवळ नुसता उंदरामागे धावणारा बोका उरलाय. एवढा हुशार जीव, दहा मिनिटं तरी द्यायची होती.

असो, किकी बघणार असाल तर जपानी ऑडिओच लावा, मुलांना सबटायटल वाचायला जमत नसेल तर शेजारी बसून तुम्ही वाचून दाखवा, आम्ही तसंच करतो.