हिशोब जुळला, बिलं राहिली

भांडारपालाने आवक वही टेबलावर ठेवली आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीतच कोडं सुटलं. डायलिसिसचे फिल्टर. माल पोचल्याचा शिक्का ९ नोव्हेंबरचा, पुरवठादाराचं बिल १४ नोव्हेंबरचं. लेखा शाखेच्या संगणकात मात्र त्याच बिलाची नोंद २० जानेवारीची. एवढे दिवस बिल कुठे होतं, असं विचारल्यावर लेखापालाने जराही न अडखळता सांगितलं, "खणात. नोव्हेंबरात तरतूद संपली होती. तरतूद नसेल तर संगणक बिल घेतच नाही."

हे एका युरोपीय देशातलं प्रादेशिक रुग्णालय. देशाचं नाव इथे नको. युरोपियन युनियनचे सदस्य देश १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरच्या आधी, म्हणजे वर्षातून दोनदा, सरकारी तूट आणि कर्जाचे आकडे युरोस्टॅटला, म्हणजे युनियनच्या सांख्यिकी कार्यालयाला, कळवतात. याला नोटिफिकेशन म्हणतात. तूट जीडीपीच्या ३ टक्के आणि कर्ज ६० टक्के या मर्यादा त्याच आकड्यांवर तपासल्या जातात. आम्ही हे आकडे पडताळणारे. पडताळणीच्या बैठका बहुतेक वेळा त्या देशाच्या राजधानीत, तिथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या सभागृहात होतात. आकडा जिथे जन्मतो तिथवर जायची वेळ क्वचित येते. त्या दिवशी आम्ही तिथवर गेलो होतो आणि कारण जरा विचित्र होतं. त्या देशाने पाठवलेल्या तक्त्यांमध्ये काहीच चूक दिसत नव्हती.

तक्ता ३ हा या कामाचा रोजमेळ. तुटीपासून सुरुवात करायची, सरकारने घेतलेली वित्तीय मालमत्ता मिळवायची, न दिलेली देणी वजा करायची, इतर फेरबदल घालायचे आणि वर्षभरात वाढलेल्या कर्जापर्यंत पोचायचं. जे जुळत नाही ते 'सांख्यिकीय विसंगती'च्या ओळीत पडतं. ही ओळ मोठी दिसली की प्रश्नांची सरबत्ती ठरलेली. इथे ती जवळजवळ शून्य होती.

आता समजा, रुग्णालयाने १०० युरोचा माल घेतला आणि पैसे दिले नाहीत. खर्च माल मिळाला त्या वर्षाचा धरायचा, पैसे कधीही जावोत. म्हणजे तूट १०० ने वाढली, समोर व्यापारी देणी १००, कर्ज आहे तिथेच. मेळ बसला. आता तेच बिल खणात टाका. खर्च शून्य, देणी शून्य, कर्ज आहे तिथेच. मेळ तरीही बसतो, अगदी पैचाही फरक न पडता. एका बाजूला नोंद झाली आणि दुसरीकडे राहिली, तर ही ओळ ओरडते. दोन्हीकडून गाळलेलं तिला दिसतच नाही.

त्यात मास्ट्रिक्टच्या व्याख्येतलं कर्ज, म्हणजे ६० टक्क्यांच्या मर्यादेसाठी मोजलं जाणारं, यात येतात चलन व ठेवी, रोखे आणि उसने घेतलेले पैसे, तेही दर्शनी मूल्याने, आणि सरकारी संस्थांची आपसातली देणी वगळून. पुरवठादाराची उधारी त्यात नाहीच. त्यामुळे न भरलेलं बिल दिसायची एकच जागा उरते, ती म्हणजे तूट. (आपल्याकडे सरकारी हिशोब रोखीचे, म्हणून कंत्राटदारांची थकलेली बिलं तुटीतही दिसत नाहीत. मार्च एंडला कोषागाराच्या खिडकीशी उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.)

मग संशय आला कुठून? समोरच्याच्या वहीतून. औषधं आणि वैद्यकीय साहित्य पुरवणाऱ्या कंपन्यांच्या ताळेबंदात 'सार्वजनिक रुग्णालयांकडून येणं' अशी रक्कम होती. रुग्णालयांनी दाखवलेल्या देण्यांपेक्षा ती बरीच जास्त निघाली. शिवाय दर जानेवारी-फेब्रुवारीत रुग्णालयांची देयकं अचानक उसळत होती. थंडीत आजार वाढतात, हे आम्हाला मिळालेलं स्पष्टीकरण. आजार वाढतात हे खरं, पण डिसेंबरातही थंडी असतेच.

हा प्रकार नवा नाही. ग्रीसने ऑक्टोबर २००९ मध्ये २००८ ची तूट ५ टक्क्यांवरून ७.७ टक्क्यांवर नेली, तेव्हा रुग्णालयांची जुनी देणी त्या वाढीत होती. युरोस्टॅटला मूळ हिशोबापर्यंत जाण्याचे वाढीव अधिकार २०१० मध्ये मिळाले ते त्यानंतर. स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रदेशात आरोग्यसेवेची बिलं अशीच हिशोबाबाहेर राहिली. जुलै २०१५ मध्ये स्पेनला १.८९ कोटी युरोंचा दंड झाला, आणि २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पेनचं आव्हान फेटाळलं.

दुपारी ३० बिलं काढली. प्रत्येकाच्या चार तारखा लिहिल्या: माल आल्याची, बिलाची, नोंदीची, पैसे दिल्याची. पहिली तारीख जुन्या वर्षातली आणि तिसरी नव्या वर्षातली, तर ते बिल बाजूला. ऐकायला सोपं वाटतं, पण हात लावला की गुंता होतो. काही बिलांवर पुरवठादाराने नंतर सूट दिलेली, म्हणजे तेवढी रक्कम कमी धरायची. काहींवर मालाच्या दर्जावरून वाद चालू. एक बिल दुसऱ्या सरकारी प्रयोगशाळेचं निघालं. ते एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात जाणारं, एकूण तुटीत त्याने काहीच फरक पडत नाही. आणि सगळ्यात चिवट म्हणजे माल आला पण बिलच आलं नाही असे व्यवहार. ते फक्त भांडाराच्या वहीत असतात. राजधानीत मागवलेल्या कुठल्याही एक्सेलमध्ये ते येणार नव्हते.

संध्याकाळी लेखापाल सहज म्हणाला, "यातल्या काहींचे पैसे आता आम्ही बँकेला देतो." पुरवठादारांनी उधारी बँकेला विकली होती, आणि सरकारने पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराकडे परत येऊ शकत नव्हती. जुलै २०१२ च्या युरोस्टॅटच्या निर्णयानुसार अशी उधारी त्या क्षणापासून कर्ज ठरते. दिवसभर आम्ही तुटीच्या मागे होतो. जाताजाता कर्जाचाही आकडा चुकीचा निघाला. ते करार बघायला मागितल्यावर लेखापालाला आपण काय बोलून बसलो ते कळलं. फाइल आली तोवर भांडार बंद झालं होतं.

पुढच्या नोटिफिकेशनमध्ये त्या देशाने सगळ्या प्रादेशिक रुग्णालयांचा खर्च माल मिळाल्याच्या वर्षात हलवला. जुन्या वर्षांची तूट वाढली. शेवटच्या वर्षाची थोडी कमीच झाली, कारण त्या जानेवारीत नोंदवलेली आदल्या वर्षाची बिलं तिथून निघाली होती. बँकेला विकलेली उधारी कर्जात चढली. सांख्यिकीय विसंगतीची ओळ मात्र होती तशीच, जवळजवळ शून्य.