पीसी मध्येच थिजतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

पीसी चालता चालता दोन-पाच सेकंद थिजतो आणि काही झालंच नाही असा पुढे चालू लागतो. दुकानात नेला की तिथे तासभर सुरळीत चालतो. मग उत्तर ठरलेलं, 'फॉरमॅट मारून देतो.' सॉफ्टवेअरचा दोष असेल तर त्याने जाईलही. पण खराब केबल, निकामी होत चाललेली डिस्क किंवा जुना बायोस (मदरबोर्ड म्हणजे मुख्य बोर्डावरच्या चिपमधलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) यांना फॉरमॅटने काहीही फरक पडत नाही. उलट निकामी होत चाललेल्या डिस्कवर नव्याने विंडोज टाकलं, तर आतला डेटा वाचवायची उरलीसुरली संधीही जाते.

म्हणून आधी नीट बघा, की पीसी अडकतो तेव्हा नेमकं काय थांबतं. माउसचा पॉइंटर फिरतोय, पण क्लिक केलं तर काही उघडत नाही, खिडक्या पांढऱ्या पडतात, तर विंडोज बहुतेक डिस्कच्या उत्तराची वाट पाहतंय. पॉइंटरही जागच्या जागी आणि स्पीकरमधून एकच आवाज टर्रर्र असा घुमतोय, तर ड्रायव्हर (पीसीचा एखादा भाग चालवायला विंडोजला लागणारं सॉफ्टवेअर), बायोस किंवा रॅमकडे वळायचं. फक्त गेममध्येच गचके बसत असतील, तर ग्राफिक्स कार्ड आणि तापमान आधी. प्रत्येक वेळी घड्याळात पाहून वेळ कागदावर लिहून ठेवा, पुढे तीच कामाला येते.

आता स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधून उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. कागदावरच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचा. पिवळी खूण असलेली १२९ क्रमांकाची नोंद दिसली, तर डिस्ककडून उत्तर आलं नाही म्हणून विंडोजला तिचं कनेक्शन रीसेट करावं लागलं. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याची मागणी पुन्हा करावी लागली. ७ म्हणजे बॅड ब्लॉक (डिस्कवरची खराब झालेली जागा), आणि ही नोंद दिसली की बाकी सगळं बाजूला ठेवून महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. त्याआधी चेक डिस्क किंवा डीफ्रॅग चालवू नका. आधीच थकलेल्या डिस्कवर त्यांचा खूप ताण येतो आणि ती मध्येच बंद पडू शकते.

१२९ आणि १५३ मात्र डिस्क चांगली असतानाही येतात, आणि इथेच बरेच जण विनाकारण नवी डिस्क घेतात. क्रिस्टल डिस्क इन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. त्यात शेवटच्या रकान्यातले आकडे हेक्साडेसिमल (सोळा अंकांच्या) पद्धतीने दिसतात, ते मेनूतून दशमान करून घ्या. साटा (केबलने बोर्डाला जोडलेल्या) डिस्कच्या ०५, सी५ आणि सी६ या ओळींत शून्याच्या जागी काही आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर दोष डिस्कमध्येच आहे. पण या तिन्ही शून्य आणि सी७ मात्र वाढतोय, तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडतोय. म्हणजे साटा केबल. ती बदला, बोर्डावरचं पोर्टही बदलून पाहा. सी७ चा आकडा पुन्हा शून्य होत नाही, त्यामुळे आजचा आकडा लिहून ठेवा. आठवडाभर तो तसाच राहिला तर काम झालं. एनव्हीएमई (केबलशिवाय थेट बोर्डावर बसणाऱ्या) एसएसडीत या ओळी नसतात. तिथे मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स ही ओळ पाहायची.

डिस्कचे आकडे स्वच्छ असतील, तर पॉवर प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा. पीसीआय एक्सप्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट (वीज वाचवायला जोडणी झोपवणारं सेटिंग) ऑफ करा. तिथेच 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' बहुधा २० मिनिटांवर असतं. विंडोज एसएसडीवर आणि फोटो-सिनेमे जुन्या हार्ड डिस्कवर अशी मांडणी असेल, तर ती हार्ड डिस्क झोपी जाते. मग साधी 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी उघडतानाही ती फिरू लागेपर्यंत सगळं काही सेकंद अडतं. हे सेटिंग शून्यावर आणलं की हा त्रास जातो.

स्वस्त, डीरॅम (स्वतःची वेगवान तात्पुरती मेमरी) नसलेली एसएसडी काठोकाठ भरली तरी असंच होतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये डिस्क १०० टक्के व्यस्त, पण वेग जेमतेम एक-दोन एमबी आणि रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद, असं दिसतंय का ते बघा. तसं असेल तर १५ ते २० टक्के जागा मोकळी करा आणि पुन्हा पाहा.

पॉइंटरसकट सगळं थिजत असेल आणि प्रोसेसर एएमडी रायझन असेल, तर आधी बायोसची तारीख पाहा. विंडोज ११ साठी लागणारा एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) बोर्डावरच्या बायोसच्या चिपशी बोलताना काही रायझन पीसी अधूनमधून अडखळतात, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं. त्यावरचा उपाय अगेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ आणि त्यापुढच्या बायोसमध्ये आहे. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर अपडेटआधी तो थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, म्हणून यूपीएस हवाच.

बायोस नवा असेल, तर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम अर्धा तास चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय हे तो नावानिशी सांगतो. नेटवर्कचा निघाला तर वायफाय बंद करून केबलवर चालवून पाहा, ग्राफिक्सचा निघाला तर ड्रायव्हर काढून नव्याने टाका.

तापमानाला फार वेळ लागत नाही. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि गचक्याच्या वेळी प्रोसेसर ९५-१०० अंशांना टेकतोय का ते पाहा. टेकत असेल तर हीटसिंकमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला.

शेवटी रॅम. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून दोन दिवस वापरा. गचके थांबले तर त्या वेगाला रॅम किंवा बोर्ड टिकत नाही. थांबले नाहीत तर पीसी बंद करून, प्लग काढून रॅम बाहेर काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसा, रबराचा भुगा झटका आणि रॅम पुन्हा घट्ट बसवा. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चारही पास (फेऱ्या) रात्रभर चालू द्या. एकही एरर आली तर एकेक रॅम वेगळी लावून, त्याच स्लॉटमध्ये, पुन्हा तपासा.