तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिस्ती असून एफडी कशी?

"तुमच्या येशूने तर सगळं विकून गरिबांना द्यायला सांगितलंय ना, मग तुझी एफडी कशी?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते. तो श्रीमंत तरुण, ज्याला येशूने हे सांगितलं, आणि मग श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे तुम्हाला पाठ आहे, बायबलमधलं बहुतेक तेवढंच.

तर हो, पळवाटा आहेत, आणि जुन्या आहेत. इ.स. 200 च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती विचारवंताने समजावलं की पैसा नाही, पैशाची आसक्ती टाकायची. जेरुसलेमला 'सुई' नावाचा बुटका दरवाजा होता, उंट गुडघे टेकून आत जायचा, ही गोष्ट तर आजही प्रवचनात येते, असल्या दरवाजाचा पुरावा नाही तरी. पण उलट्या बाजूचेही होते हो. चौथ्या शतकातला बिशप बासिल म्हणायचा, पेटीत पडून असलेला तुझा कपडा उघड्या माणसाचा आहे. मग परत पैशाच्या बाजूने, 1323 मध्ये पोप जॉन बाविसाव्याने काय ठरवलं, तर येशू आणि शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं असं हट्टाने म्हणत राहणं हे पाखंड! व्याजाचंही तेच, 1179 मध्ये चर्चने उघड सावकारी करणाऱ्यांना प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षारसाचा विधी) बंद केलं, पुढे सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने मर्यादेत व्याज घ्यायला हरकत नाही म्हटलं. माझी एफडी त्याच्या कृपेने.

बरीच वर्षं माझा एक नियम होता, अर्थ सांगणाऱ्याचा खिसा त्या अर्थाने भरतोय का ते बघायचं. तो नियम आईने बिघडवला.

बाबा गेल्यानंतरची गोष्ट. चर्चच्या बिल्डिंग फंडासाठी पास्टरांनी बायबलमधल्या गरीब विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन नाण्यांवर उपदेश केला, वर मलाखीच्या पुस्तकातली आकाशकपाटं, म्हणजे देव आकाशाची दारं उघडून आशीर्वाद ओततो ते, द्या म्हणजे शंभरपट मिळेल वगैरे. आईने डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले सगळे पैसे देऊन टाकले. मला कळलं तेव्हा मी बायबल घेऊनच पास्टरांकडे गेले, म्हटलं मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय दोन ओळी आधीपासून वाचा, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशू चिडलाय आणि लगेच ही विधवा होतं नव्हतं ते टाकते, आणि पुढचं पान उलटलं की तो म्हणतो या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही, मग हे कौतुक आहे की संताप? बरेच अभ्यासक आता तसंच वाचतात. पास्टर म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडतोय. पैसे परत मिळाले नाहीत, ऑपरेशनचा खर्च मी केला. शंभरपट वगैरे काही आलं नाही, येणारही नव्हतं.

घरी येऊन हे सगळं आईला ऐकवलं तर ती म्हणाली, "पास्टर चुकीचं वाचत असतील. पण मी त्यांच्या सांगण्यावरून दिले असं तुला कुणी सांगितलं? तुझे बाबा गेल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागतच नाही."

यावर मला तेव्हाही बोलता आलं नाही. तिला फसवलं हे मी आजही म्हणते, आणि ती ऐकून घेत नाही हेही आहेच. येशूने त्या विधवेला थांबवलं नाही हे मला अजून खटकतं, तिने थांबवून घेतलं असतं का हा वेगळा प्रश्न.

बाकी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मी देते, बिल्डिंगला नाही, माणसांना. हा दहावा भाग टॅक्स कापायच्या आधीच्या पगारावर काढायचा की नंतरच्या, यावर नवऱ्याशी वाद चालू आहे, तो नंतरच्या म्हणतो आणि त्याच्याकडेही वचनं तयार असतात.