सक्तीची वर्गणी

जानेवारीत एक पाकीट आलं आणि त्यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद झाला.

फिलाडेल्फियाच्या मध्यवस्तीत, सिटी हॉलपासून चालत दहा मिनिटांवर, आम्ही एक छोटा फ्लॅट घेतला त्याचं ते पहिलंच वर्ष. शहराचा घरफाळा वेगळा भरतो, इमारतीचा मेंटेनन्स दरमहा बँकेतून परस्पर जातो. आणि आता हे तिसरं बिल, 'सेंटर सिटी डिस्ट्रिक्ट' नावाच्या कुठल्या तरी संस्थेचं. रक्कम मोठी नव्हती. पण कशाबद्दल? तर फुटपाथ झाडायचे, भिंतीवर कुणी रंग फासला तर तो पुसायचा, रस्त्यात गणवेशातली माणसं उभी करायची. हे घरफाळ्यात येत नाही का?

माझं माहेर कोल्हापूरचं. टोलविरुद्ध अख्खं शहर रस्त्यावर उतरलेलं मी पाहिलंय. माझे वडील, अण्णा, दुकानाचं शटर ओढून त्या मोर्चात चालले होते. लोक वर्षानुवर्षं हटले नाहीत आणि २०१५ च्या शेवटी टोल गेला. त्यामुळे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मागितले की आमचं डोकं तापतं, आणि ते तापावंच असं मला आजही वाटतं. नवऱ्याला म्हटलं, मी हे भरणार नाही. तो म्हणाला, "न भरून चालत नाही, घरावर बोजा चढतो." म्हणजे वर सक्तीसुद्धा!

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, चाळीसएक वर्षं याच इमारतीत. लिफ्टमध्ये मी त्यांच्यापाशी तक्रार केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "१९९० मध्ये तू इथं नव्हतीस." त्यांचा मजला आला, त्या उतरून गेल्या. मला ते लागलं. मग मी हा विषय खोदायला घेतला.

त्या काळी या शहराच्या तिजोरीत खडखडाट होता. १९९१ मध्ये राज्य सरकारला शहराच्या पैशाच्या कारभारावर देखरेख ठेवायला वेगळं प्राधिकरण नेमावं लागलं, इथपर्यंत वेळ आली होती. ऑफिसं सुटली की सगळे गाड्या काढून उपनगरात पळायचे. खरेदी आधीच उपनगरातल्या मॉलमध्ये गेलेली. आजी नंतर एकदा चहाला आल्या तेव्हा सांगत होत्या, संध्याकाळी सहानंतर मार्केट स्ट्रीटवर फक्त वाऱ्यानं उडणारे कागद असायचे. शहराला झाडलोट वाढव म्हणून सांगायची सोय नव्हती, कारण पैसाच नव्हता. तेव्हा मध्यवस्तीतल्या मिळकतदारांनी ठरवलं की आपणच आपल्यावर जादा आकार लावून घ्यायचा, तो शहराच्या खजिन्यात न घालता वेगळ्या संस्थेकडे ठेवायचा आणि याच हद्दीत खर्च करायचा. त्याच १९९१ मध्ये मोरपंखी गणवेशातले झाडणारे लोक रस्त्यावर दिसायला लागले.

अशा हद्दीला इथं बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात. एकट्या न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या वर आहेत. पण याचा जन्म अमेरिकेतला नाही, कॅनडातला आहे, आणि मला ती गोष्ट फार आवडली. टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवरचे दुकानदार १९६० च्या दशकात हवालदिल झाले होते. नवे मॉल उभे राहत होते, आणि रस्त्यावरून ट्रामनं जाणारं गिऱ्हाईक नव्या भुयारी रेल्वेनं जमिनीखालून निघून जाऊ लागलं होतं. त्यांनी वर्गणी काढून रस्ता सजवायचा प्रयत्न केला. काहींनी दिली, काहींनी नाही, आणि न देणाऱ्यांच्या दारातही दिवे तेवढेच लागले. शेवटी त्यांनी सरकारकडे कायदाच मागितला की हद्दीतल्या सगळ्यांकडून सक्तीनं घ्या. १९७० मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज ही जगातली पहिली अशी हद्द ठरली.

हे वाचलं आणि मला अण्णांचं पावतीपुस्तक आठवलं.

महाद्वार रोडच्या आसपासच्या एका गल्लीत आमचं साड्यांचं दुकान. अण्णा तिथल्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचे कित्येक वर्षं खजिनदार. नवरात्र आलं की पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडायचे. दिवाळीची रोषणाई, रात्रीचा गुरखा, पुढं पुढं कॅमेरे, सगळं वर्गणीवर. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायची, कार्बनचा कागद पानाखाली सरकवायचं काम माझं. कोण देतं आणि कोण "उद्या या" म्हणतं हे मला वयाच्या दहाव्या वर्षी पाठ होतं. "उद्या या" म्हणणाऱ्याच्या दुकानासमोरची लाईटची माळ तोडता येत नाही. तारेत तेवढंच भोक ठेवता येत नाही. शेवटी कमी पडलेले पैसे अण्णा आणि दोघंतिघं आपल्या गल्ल्यातून घालायचे. आई चिडायची. अण्णा म्हणायचे, "रस्ता आपलाय."

ते अण्णा मागच्या उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे राहून गेले. पहाटे पाचला उठायची सवय, त्यामुळे साडेपाचला फिरायला बाहेर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला म्हणाले, "एक माणूस दाखवतो, चल." चेस्टनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक उंच गृहस्थ झाडत होते. हातात झाडू आणि लांब दांड्याची सुपली, म्हणजे वाकावं लागत नाही. झाडाच्या आळ्यातली सिगारेटची थोटकं एकेक करून सुपलीत ओढायची, कचरापेटीच्या मागची बाजूही बघायची. एका दुकानाच्या पायरीशी च्युइंगम चिकटलं होतं, ते त्यांनी खिशातल्या पट्टीनं खरवडून काढलं, तळव्यानं पायरी पुसली आणि पुढं गेले. अण्णा पंधरा मिनिटं उभे राहून बघत होते. चाळीस वर्षं रोज सकाळी स्वतः दुकानापुढं सडा मारलेला माणूस, त्याला त्या पुसण्याचं अप्रूप वाटलं.

"ह्याचा पगार कोण देतंय?"

"आम्ही. इथले सगळे मिळकतदार."

"महापालिका न्हाई?"

"नाही. वेगळी वर्गणी आहे."

"आणि सगळे देतात?"

मी सांगितलं की द्यावीच लागते. किती द्यायची हे मिळकतीच्या किमतीच्या प्रमाणात ठरतं, त्यामुळे पन्नास मजली टॉवरवाला भरमसाट देतो आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला थोडं येतं. विद्यापीठं, धर्मादाय संस्था यांना कर माफ असतो, त्यांतल्या काही आपणहून देतात. अण्णांनी घरी येऊन ते पाकीट मागितलं, चष्मा लावून बिलावरचे आकडे वाचले, आणि फोनवर त्याचा फोटो काढून घेतला. ज्या बिलावरून मी भांडले होते, ते त्यांनी कोल्हापूरला पाठवलं.

बाकी कामं मी थोडक्यात सांगते. गणवेशातली माणसं शस्त्राशिवाय फिरतात, वाट सांगतात, काही वेडंवाकडं दिसलं तर पोलिसांना कळवतात. या भागासाठीच्या पोलीस ठाण्याला जागा संस्थेनंच दिली, तिथं पोलिसांची आणि यांची हजेरी एकत्र होते. या वर्गणीच्या भरवशावर रोखे काढून त्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी कमी उंचीचे दिवे लावले. अंधाऱ्या रस्त्यावर माणूस चालत नाही आणि माणूस चालला नाही तर दुकान चालत नाही, हे दुकानदाराच्या मुलीला वेगळं सांगायला लागत नाही. आणि संस्थेची सूत्रं पॉल लेव्ही यांच्या हातात सुरुवातीपासून २०२३ च्या अखेरीपर्यंत होती. तीस वर्षांहून जास्त एकच माणूस! आमच्याकडे आयुक्तांना शहराच्या गल्ल्या ओळखीच्या होईपर्यंत बदलीची ऑर्डर येते.

सिटी हॉलच्या पायथ्याशी डिलवर्थ पार्क आहे. १९७० च्या दशकात तिथं पायऱ्या-पायऱ्यांचा, भिंतींच्या आडोशांचा दगडी चौक बांधला होता, आणि आजी सांगतात की तिथून एकट्यानं जायला त्या टाळायच्या. संस्थेनं तो चौक शहराकडून भाडेपट्ट्यानं घेतला, ५.५ कोटी डॉलर खर्चून सगळा सपाट केला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये उघडला. हा पैसा नुसत्या वर्गणीतून आला नाही, त्यात १.५ कोटी केंद्र सरकारचे होते. भुयारी रेल्वेला काचेची दारं, जमिनीतून उडणारी कारंजी, हिवाळ्यात बर्फाचं मैदान. अण्णांनी तिथं विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय घातले. शेजारी दोन लहान काळी पोरं पाण्यावरून उड्या मारत होती, एकीनं अण्णांच्या अंगावर पाणी उडवलं आणि अण्णांनीही उलट उडवलं. मला त्या क्षणी रंकाळ्याची इतकी आठवण आली की बोलता येईना.

आता माझ्या मनातलं दुसरं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं भारतातल्या कुठल्याशा बाजाराचा फोटो दाखवून मला विचारलं होतं, "तिकडे हे असंच चालतं ना?" मी त्याला तेव्हाच सांगितलं की तुमच्या डाउनटाउनला माणूस परत आणायला संस्था काढावी लागली. महाद्वार रोड संध्याकाळी सहाला रिकामा झाला असं माझ्या आजीच्या आठवणीतही नाही. अंबाबाई आहे, गिऱ्हाईक आहे, वर घर खाली दुकान आहे, रात्री दहाला भेळेच्या गाडीवर गर्दी आहे. फिलाडेल्फियानं १९९७ पासून रिकाम्या ऑफिसांची घरं करणाऱ्याला दहा वर्षांची करसवलत दिली, कशासाठी? तर लोकांनी मध्यवस्तीत राहायला यावं म्हणून. आमच्या पेठांत लोक कधी गेलेच नव्हते. मेलेल्या गावात जीव आणणं आणि जिवंत गावाला जरा श्वास घेऊ देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सोपी आहे असं मी म्हणणार नाही.

इथंही सगळं गोड नाही. हद्दीची रेघ डोळ्यांना दिसते. काही चौक ओलांडले की मोरपंखी गणवेश संपतो आणि कचरा सुरू होतो. तिथं राहणारी माणसंही शहराला करच देतात. हद्दीत काय करायचं यात मिळकतदाराचा शब्द चालतो, फुटपाथवर झोपणाऱ्याला तिथं मत नाही. संस्था बेघरांसाठी वेगळी पथकं फिरवते, तरी बाकावर बसलेल्या माणसाशी गणवेशातला माणूस बोलायला लागला की माझं लक्ष तिकडे जातंच. आणि सगळं काही झाडूनं सुटत नाही. सिटी हॉलसमोरच्या वॉनामेकर इमारतीतलं मेसीज हे मोठं दुकान मार्च २०२५ मध्ये बंद झालं. फुटपाथ चकचकीत होता, दुकान तरी गेलंच. फोनवर साडी विकणाऱ्यांशी लढणाऱ्या अण्णांना हे मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये संस्थेनं वॉलनट स्ट्रीटचा काही भाग रविवारी गाड्यांना बंद केला. रस्त्याच्या मधोमध टेबलं, वाद्यं, पोरांच्या सायकली. पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्याचे फोटो मी शेजाऱ्यांना अभिमानानं दाखवले. तिथं तो एक दिवस असतो, महापालिका करते. इथं मागं कायमचा पैसा आणि कायमची माणसं आहेत. फरक शिस्तीचा नाही. "आपल्या लोकांना शिस्त नाही" हे वाक्य मी इथल्या मराठी घरांतून फार ऐकते आणि मला ते पटत नाही. गल्लीतली वर्गणी गल्लीतच खर्च होईल आणि शेजारीही देईल, एवढी खात्री असेल तर कोल्हापूरचा दुकानदार कुणापेक्षा कमी देणारा नाही. टोलला आम्ही विरोध केला तो पैसे द्यायला नको म्हणून नव्हे, विश्वास नव्हता म्हणून.

इथं बसून हे म्हणणं सोपं आहे, असं माझा भाऊ म्हणतो. दुकान तो बघतो. मी परत का येत नाही हे त्यानं कधी विचारलं नाही, पण अण्णा इथून गेल्यावर तो प्रश्न माझ्याशी राहिला. नोकरी आहे, मुलीची शाळा आहे, कारणं खरी आहेत. तरी या रस्त्यासाठी मी चेक लिहिते आणि त्या रस्त्यासाठी अण्णा अजून गल्ल्यात हात घालतात, हे सलतं. यंदा दिवाळीत रोषणाईला मीही पैसे पाठवले. अण्णांनी माझ्या नावाची पावती फाडून तिचा फोटो पाठवला.

बिलाचा तो फोटो त्यांनी मंडळाच्या बैठकीत दाखवला. बराच काथ्याकूट झाला. एक जण म्हणाला, आधी घरफाळ्याचा हिशोब मागू. दुसरा म्हणाला, वेगळं खातं असेल तर मी पहिला देतो. मग एका जुन्या दुकानदारानं विचारलेल्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं, आणि अण्णांनी तो मला फोनवर विचारला: आकार मिळकतदारावर असेल, तर आपल्या पेठेत निम्मे दुकानदार पागडीचे भाडेकरू. मालकाला महिन्याला चहापाण्याएवढं भाडं मिळतं, तो कशाला भरेल? आणि भाडेकरूनं भरलं, तर उद्या मिळकतीची किंमत वाढून फायदा कुणाचा?

इथं मालक तो आकार भाडेकरारात घालून दुकानदाराकडून वसूल करतात, एवढं मला कळलंय. पण इथं पागडी नाही. मंगळवारी आमच्या इमारतीच्या बैठकीला एक वकीलबाई येणार आहेत, त्यांना विचारणार आहे. रविवारी अण्णांना फोन. या वर्षीचं पाकीट काल आलं, चेक लिहून फ्रिजवर लावून ठेवलाय.