नूतनच्या ‘छबिली’चा सूर आणि चार टक्क्यांचा चकवा

नूतनने स्वतः गायलेल्या, ‘छबिली’ चित्रपटातल्या ‘ऐ मेरे हमसफर’ या गाण्याची जुन्या तबकडीवरून संगणकावर उतरवलेली प्रत तयार झाल्याचे गेल्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले होते, ते विधान मागे घ्यावे लागत आहे. प्रत चुकली होती, पण चूक कोठे होती ते परवा रात्री सापडले.

लाखेची तबकडी धुण्यात अडचण आली नाही. विक्रेत्याने ‘एकदम नवी’ म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलेल्या या तबकडीच्या खाचांत अनेक वर्षांची काजळी होती. ऊर्ध्वपातित पाणी, थेंबभर साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावर ती निघाली. (स्पिरिट चुकूनही वापरू नये, त्यात लाख विरघळते.) तीन मिलची (टोक इंचाच्या तीन सहस्रांशाचे) सुई लावल्यावर नूतनचा आवाज असा पुढे आला, की पहिल्या ओळीतला तिचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला.

अडले ते वेगावर. चित्रपटाच्या डीव्हीडीतले गाणे माझ्या तबकडीपेक्षा जवळजवळ पाऊण अर्धस्वर (सेमीटोन) चढे होते, आणि पडद्यावरचे तेच खरे असे गृहीत धरून मी तीन आठवडे तबकडीचा वेग वाढवत राहिलो. सूर जुळला, पण आवाज पातळ झाला, ‘स’चा उच्चार कानाला टोचू लागला आणि ताल उगाचच घाईत असल्यासारखा वाटू लागला. दोष कधी सुईला दिला, कधी तबलजीला. तबकडीखालच्या रेघांच्या चकतीवरूनही खात्री पटेना: विजेबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली वेग बरोबर असेल तर तिच्या रेघा स्थिर दिसतात, पण खोलीतला एलईडी दिवा लुकलुकतच नाही. अखेर माळ्यावरचा जुना पिवळा बल्ब काढला, तेव्हा मूळ वेगावर सत्त्याहत्तर रेघांची ती चकती स्थिर दिसली. म्हणजे तबकडी मुळात बरोबरच फिरत होती.

मग डीव्हीडीची चौकट चौकट (फ्रेम) मोजली. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित झालेला, तर डीव्हीडी २५ चौकटींची, आणि एकही चौकट दुबार नाही! म्हणजे २४ चौकटींचा चित्रपट २५च्या वेगाने चालवल्यामुळे गाणे चार टक्क्यांनी पळवलेले होते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रणालीत डीव्हीडीच्या आवाजाचा वेग तेवढाच उतरवला (वेग, केवळ स्वर नव्हे, केवळ स्वर बदलणारी सोय मला मुळीच आवडत नाही, तिने आवाज रबरी होतो), तेव्हा दोन्ही गाणी शेवटच्या ओळीपर्यंत एकमेकांवर बसली. नूतनचा स्वर पुन्हा खाली आला. गळ्यावर जोर न देता, बोलता बोलता गावे तसा.

खरखर काढण्याचा मोह यावेळी टाळला आहे. थोडी खरखर राहिली तरी चालेल, शब्दांच्या कडा बोथट व्हायला नकोत.

यापुढे ‘हमारी बेटी’तले ‘तुझे कैसा दूल्हा भाये री’ घ्यायचे ठरले होते. १९५० साली जेमतेम चौदा वर्षांच्या नूतनला संगीतकार स्नेहल भाटकरांनी गायला लावले, तो आवाज ऐकण्याची मला घाई आहे. परंतु हे लिहितानाच सुचले, की आधी ‘छबिली’तलेच ‘लहरों पे लहर’ घ्यावे: त्यात सोबतीला हेमंतकुमार आहेत, आणि त्यांचा आवाज आपल्या कानांना इतका पाठ आहे, की वेग एक टक्का जरी चुकला तरी लगेच कळेल. ‘हमारी बेटी’ पुढे ढकलतो. पिवळा बल्ब मात्र आता माळ्यावर परत जाणार नाही.